आजीच्या तोंडचा य

आवाज म्हातारीचा होता, आणि ती म्हणाली, "वाळू." श्रीपतीचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. सकाळचे सव्वापाच झाले होते, गाडी कतारमधल्या अल खोरच्या रस्त्याने रास लफानकडे निघाली होती, दोन्ही बाजूंना खरोखरच वाळू होती, आणि गाडीत त्याच्याशिवाय फक्त वॉरनसाहेब होते. वॉरन ऑस्ट्रेलियाचा. गॅस प्लांटमधल्या पाइपांचं वेल्डिंग तपासायला आलेला, पन्नाशीला टेकलेला, आपल्याकडच्या माणसासारखा सावळा इंजिनियर. गेले चार महिने श्रीपती त्याला रोज अल थुमामातल्या घरून उचलायचा आणि दुपारी तीनला शिफ्ट सुटली की परत सोडायचा. गुड मॉर्निंग आणि थँक्यू यापलीकडे दोघांत बोलणं नव्हतं. वॉरन कानात इयरफोन घालून डोळे मिटायचा आणि त्याचे ओठ हलत राहायचे. साहेब प्रार्थना करतात, अशी श्रीपतीने स्वतःची समजूत घालून घेतली होती. आज फोन इयरफोनऐवजी गाडीच्या स्पीकरला जोडला गेला होता. म्हातारी पुन्हा म्हणाली, "वाळू," आणि मग तिसऱ्यांदा, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. वॉरनने घाईघाईने फोन काढला, पण तोवर सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "वालू." आणि श्रीपती, समोरच्या ट्रकवरची नजर न काढता, म्हणाला, "वाळू."

म्हटल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. साहेबाला दुरुस्त करणं हे ड्रायव्हरचं काम नाही. पण ते साहेबाला उद्देशून नव्हतंच. ते फार जुन्या जागेवरून आलं होतं. बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यातल्या आपल्या गावातून पाचवीला तो खामगावच्या हायस्कुलात गेला, तेव्हा त्याच्या तोंडात ळ नव्हता. घरात, गावात, सगळ्या शिवारातच नव्हता. डोळ्याला डोया म्हणत, शाळेला शाया, आभाळाला आभाय. मराठीचे सर पुण्याकडून आलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याला फळ्याजवळ उभं केलं आणि "शाळा" म्हणायला लावलं. तो म्हणाला, शाया. वर्ग हसला. तो पुन्हा म्हणाला, वर्ग पुन्हा हसला. सरांनी मारलं नाही, रागावलेही नाहीत. ते फक्त रोज तासाच्या सुरुवातीला त्याला उभं करायचे आणि तो एक शब्द म्हणवून घ्यायचे, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. जीभ मागे वळवून टाळूला कुठे टेकवायची आणि कशी पुढे झटकायची हे त्याने एकट्याने, बोर्डिंगच्या मोरीत तोंड धुताना शोधून काढलं. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचं ओझं त्याला अजून आठवत होतं. पुढे वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालं, पुढे बारावी नापास झाला, पुढे ट्रक, मग हेवी लायसन्स, मग कतार. सगळं आलं आणि गेलं, पण ळ राहिला. त्याच्या खोलीतली नगर-साताऱ्याकडची माणसं त्याला म्हणायची, तू बुलढाण्याचा वाटत नाहीस. त्याला ते ऐकायला बरं वाटायचं.

वॉरनने दुसऱ्या दिवशी पुढचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसला. फोन स्पीकरला जोडला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत नव्हे, श्रीपतीला कळेल अशा सावकाश इंग्रजीत सगळं सांगितलं. तो आवाज त्याच्या आजीचा होता. तिचं नाव त्याने सांगितलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्यात घेत नाहीत, आणि आवाजही लगेच ऐकत नाहीत, म्हणून ही टेप घरात कितीतरी वर्षं तशीच पडून होती. ऑस्ट्रेलियात गोरे येण्याच्या आधीपासून जी माणसं राहत होती त्यांतली ती. तिची भाषा बोलणारं आता एकच माणूस उरलं होतं, तिची धाकटी बहीण, डोरीन आजी, वय वर्षं सत्त्याऐंशी. वॉरनच्या आईला मिशनच्या वसतिगृहात ती भाषा बोलायला बंदी होती, म्हणून वॉरनला ती आलीच नाही. आता त्यांच्या गावच्या शाळेत मुलांना आठवड्यातून दोन तास ती शिकवायचं ठरलं होतं. शिकवणाऱ्या बाईंना शब्द हवे होते, उच्चारासकट. डोरीन आजी यंत्रासमोर बोलायला तयार नव्हती. टेप वॉरनकडे होती. पण त्याला त्या टेपमधले अर्धे आवाज एकसारखेच ऐकू यायचे. "तुला तो फरक ऐकू येतो," वॉरन म्हणाला. "मला नाही येत. मी इंग्रजी कानांचा आहे."

मग रोज जायचा एक तास आणि यायचा एक तास, दोघं तेच करू लागले. श्रीपतीने दोनशे पानी वही घेतली. गाडी चालवताना तो ऐकायचा आणि म्हणायचा, गाडी पार्किंगला लागली की देवनागरीत लिहायचा, वॉरन शेजारी इंग्रजीत लिहून घ्यायचा. श्रीपतीला नवल वाटत होतं ते हे, की ती भाषा त्याच्या तोंडाला आधीपासून ओळखत असल्यासारखी वागत होती. तिच्यात त वेगळा होता आणि ट वेगळा, न वेगळा आणि ण वेगळा, ल वेगळा आणि ळ वेगळा. वॉरनला हे सगळं दोन-तीन आवाजांतच ऐकू यायचं. उलट प आणि ब यांत तिथे काही फरकच नव्हता, आजी एकाच शब्दात एकदा प म्हणायची, एकदा ब, आणि शब्द तोच राहायचा. स नव्हता, श नव्हता, फ नव्हता, ह नव्हता. आजी असती तर तुला तिरिपती म्हणाली असती, वॉरन म्हणाला. आमच्याकडे ते देवाचं नाव आहे, श्रीपतीने सांगितलं, आणि दोघं पहिल्यांदा बरोबर हसले. सगळ्यात गंमत ङ ची. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा आणि ङ पुढची चौकट रिकामी. त्याला लहानपणी त्या चौकटीची भीती वाटायची. इथे भाषेचं नावच ङ ने सुरू होत होतं, आई ङ ने सुरू होत होती, मी ङ ने सुरू होत होतं. गाडी सिग्नलला थांबली की तो नाकातून ङ काढून दाखवायचा आणि वॉरन शिकायचा. बाजूच्या बसमधले पेंगुळलेले कामगार त्यांच्याकडे बघत राहायचे.

टेपचे दोन भाग होते. पहिल्यात एक गोरा संशोधक शब्द विचारतो आणि आजी उत्तर देते. आकाश? वाळू, तिच्या भाषेत आकाशाला तेच म्हणतात. डोळा? धूर? बसणं? असे दोनशे एकोणीस शब्द. संशोधक आधी स्वतः शब्द म्हणून बघायचा, बराचसा बरोबर, आणि आजी तो पुन्हा म्हणायची. दुसऱ्या भागात संशोधक गप्प आहे. आजूबाजूला बायका आहेत, कुत्रं भुंकतंय, भांडी वाजतायत, आणि आजी काहीतरी लांबलचक सांगतेय, भरभर, न थांबता. या दुसऱ्या भागाच्या पहिल्याच मिनिटात श्रीपतीला ऐकू आलं की आजी वाळू म्हणत नाही. ती वायू म्हणते. ऐकण्यात चूक नव्हती. त्याने पुन्हा लावून बघितलं. यादीत जिथे जिथे ळ होता तिथे तिथे गोष्टीत य होता, स्वच्छ, मऊ, उन्हाळ्यातल्या आमरसासारखा ओघळत जाणारा य. वॉरन तेव्हा बाहेर गेटवर पास दाखवत होता. श्रीपतीने पेन हातात घेतलं, क्षणभर थांबला, आणि वहीत लिहिलं, वाळू. पुढचाही शब्द त्याने ळ ने लिहिला, त्याच्या पुढचाही. म्हातारं माणूस, दात नसतील, भरभर बोलताना जीभ वळत नसेल. शिवाय मुलांना शिकवायचंय, तर नीट शिकवावं. असं त्याने मनाशी म्हटलं, आणि ते म्हणतानाचा आवाज त्याचा स्वतःचा नव्हता, हे त्याला तेव्हाही कुठेतरी जाणवलं. पण गेट उघडलं, मागच्या गाडीने हॉर्न दिला, आणि ते जाणवणं तिथेच राहिलं.

फेब्रुवारीत वही पूर्ण झाली. वॉरनने सगळे शब्द आणि गोष्टीतली वाक्यं श्रीपतीने शिकवल्याप्रमाणे स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून शाळेला पाठवली. तिथल्या बाईंचं उत्तर आलं, मुलं छान म्हणतायत. वॉरनने तो निरोप श्रीपतीला वाचून दाखवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. श्रीपतीने त्या दिवशी खोलीवर गेल्यावर अश्फाकला, त्याच्या मालेगावच्या सोबत्याला, सांगितलं की ऑस्ट्रेलियात एका शाळेत आपण शिकवलेलं चालतं. अश्फाक म्हणाला, मास्तर हो गया तू. श्रीपतीला ते आवडलं.

मार्चमधल्या एका सोमवारी वॉरनने गाडीतूनच डोरीन आजीला फोन लावला. इकडे पहाट होती, तिकडे दुपार. त्याने बरेच दिवस घोकलेली तीन वाक्यं तिला ऐकवायची होती: मी तुझ्या बहिणीचा नातू, मी लांब आहे, मी येऊन तुझ्याजवळ बसणार आहे. तो म्हणाला. ळ इतका सुंदर आला की श्रीपतीने स्टिअरिंगवर बोट आपटलं. मग पलीकडून डोरीन आजीचा इंग्रजीतला जाडसर, थकलेला आवाज आला. "तू नदीकडच्या लोकांसारखा का बोलतोस?" वॉरनला कळलं नाही. तिने समजावलं, रागावून नाही, जसं आहे तसं. तो जाड आवाज नदीकडच्यांचा. तो गोरा माणूस आधी त्यांच्याकडे राहिला होता, त्यांच्याकडून शिकून आला होता. तो जसं म्हणायचा तसं तुझी आजी त्याच्यासाठी म्हणायची, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून. चुलीपाशी आम्ही तसं कधी बोललो नाही. आमचा तो पातळ. "आता शाळेतली पोरं येऊन मला तसंच म्हणून दाखवतात," ती म्हणाली. "म्हणू देत. काही नसण्यापेक्षा बरं." मग तिने त्याच्या जेवणाखाण्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

"टेपमध्ये ऐकूच आलं नसेल," वॉरन म्हणाला. "जुनी टेप. तुझी चूक नाही." श्रीपतीने नजर रस्त्यावरच ठेवली. हो म्हणणं सोपं होतं, आणि हो म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प बसलं तरी ते हो झालं असतं. वॉरनला गेटवर सोडल्यावर तो गाडी पार्किंगच्या छताखाली लावून बसून राहिला. त्याला खामगावचं हॉस्पिटल आठवलं. सहा वर्षांपूर्वी तो सुट्टीवर गेला होता आणि मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय आजी. माय म्हणाली, या डोयानं दिसत नाई. शिकाऊ नर्स तोंडावर हात ठेवून हसली. आणि श्रीपती, इस्त्रीचा शर्ट घातलेला, कतारहून आलेला, हसतच म्हणाला, "डोळा म्हण, माय, डोळा." माय म्हणायला गेली. तिची जीभ कुठेतरी मध्येच अडकली, आणि ती गप्प झाली. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर दर शुक्रवारी फोनवर तो विचारायचा, डोळा कसा आहे, आणि माय म्हणायची, "नजर साफ हाये आता. मले समदं दिसते." नजर. गाडीत एसीच्या थंड झोतासमोर बसून तो आठवू लागला, या सहा वर्षांत मायच्या तोंडून त्याने काय काय ऐकलं नाही. डोया नाही. "आभाय आलं" नाही, त्याऐवजी "पानी येईन असं वाटते." केयं नाही, फयं नाही. सकाय नाही, त्याऐवजी फाटे, म्हणजे पहाटे. म्हणजे ती प्रत्येक फोनच्या आधी, प्रत्येक वाक्याच्या आधी, तो शब्द येताना बघत होती आणि बाजूने निघून जात होती. पोराला लाज वाटू नये म्हणून. आणि त्याला वाटत होतं की माय आताशा कमी बोलते, वय झालं.

दुपारी तीनला वॉरन गाडीत बसला. श्रीपतीने इंजिन चालू केलं नाही. त्याने इंग्रजीत वाक्य दिवसभर जुळवून ठेवलं होतं, तरी म्हणताना ते मोडलं.

"सर, टेप चांगली आहे. मला ऐकू आलं होतं."

वॉरनने त्याच्याकडे बघितलं.

"गोष्टीत ती य म्हणते. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. मी ळ लिहिलं."

"का?"

श्रीपतीला इंग्रजीत सांगता आलं नाही. त्याने फळा, वर्ग, सर असं काहीतरी सांगितलं, मग आपली आईही य म्हणते असं सांगितलं, आणि ते दोन्ही एकत्र ऐकून वॉरनला काय कळलं असेल ते त्याला उमगेना. वॉरन समोरच्या काचेतून बघत राहिला. लांबवर प्लांटच्या चिमणीची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नव्हती. "माझ्या आईला वसतिगृहात ज्यांनी बोलू दिलं नाही," तो म्हणाला, "त्यांनाही वाटायचं की ते तिचं भलं करतायत." त्याने आवाज चढवला नाही. "चल."

पुढचे नऊ दिवस वॉरनने इयरफोन घातले नाहीत, फोन लावला नाही, बोलला नाही. श्रीपतीला वाटलं तो दुसरा ड्रायव्हर मागेल. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात रहमान नावाचा सुपरवायझर होता. त्याला श्रीपतीने स्वतःच विचारून बघितलं, काही तक्रार आली आहे का. नव्हती. दहाव्या दिवशी पार्किंगमध्ये उतरताना वॉरनने आपला फोन श्रीपतीसाठी सीटवर ठेवला. शाळेच्या बाईंना त्याने सगळं कळवलं होतं. त्यांनी पहिली रेकॉर्डिंग बाजूला ठेवली होती आणि नवीन मागितली होती. डोरीन आजी अजूनही यंत्रासमोर बसायला तयार नव्हती. "गोष्टीचा भाग फक्त," वॉरन म्हणाला. "यादी नाही. ती जसं म्हणते तसं. खोकली तर खोकला लिही." आणि तो शिफ्टला गेला.

श्रीपतीने नवी वही काढली. गोष्ट बावीस मिनिटांची होती आणि त्याला ती संपवायला अकरा दिवस लागले. तो एक वाक्य लावायचा, थांबवायचा, मोठ्याने म्हणायचा, लिहायचा. सुरुवातीला त्याची जीभ ऐकेना. य म्हणायला जावं तर ती सवयीने मागे वळायची, टाळूला टेकायची, आणि तिला ओढून खाली आणावं लागायचं. पस्तीस वर्षांपूर्वी बोर्डिंगच्या मोरीत जे केलं होतं ते उलटं करणं. ते जास्त अवघड होतं, कारण आता हसणारा वर्ग समोर नव्हता, तो आतच बसलेला होता. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र काहीतरी सुटलं. आजीचा शब्द आणि त्याचा शब्द एका चालीत पडू लागले. गोष्टीचा अर्थ त्याला फारसा कळत नव्हता, वॉरनलाही नव्हता. डोरीन आजीने एकदा एवढंच सांगितलं होतं की ती मिशनच्या स्वयंपाकघराची गोष्ट आहे, पीठ चोरल्याची. नदीकडची एक बाई तिथे किल्ल्या सांभाळायची आणि इकडच्या पोरींना दरडावायची. श्रीपती अर्थाच्या वाटेला गेला नाही. तो फक्त आवाज लिहीत होता. य, य, य. कुत्रं भुंकलं. य. आजी खोकली.

नवव्या दिवशी, अठराव्या मिनिटाला, तो थबकला. त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. ळ होता. एकदा नव्हे, एका दमात चार वेळा, जाड, ठसठशीत, आणि आजीचा आवाज बदललेला, नाकातून, मान ताठ करून काढल्यासारखा. लगेच पाठोपाठ बायकांचं हसणं. एक जण तर हसता हसता काहीतरी खाली पाडते. श्रीपतीने पहिल्यांदा वही भरली तेव्हा हे मिनिट ऐकलंच होतं, पण तेव्हा सगळीकडेच ळ लिहीत असल्यामुळे त्याला इथे वेगळं काही दिसलं नव्हतं. आता त्याने डोळे मिटून पुन्हा ऐकलं, आणि ती बाईच त्याच्यापुढे उभी राहिली, कमरेला किल्ल्या, ओठ चिमटीत धरलेले, आपल्या जाड ळ चा तोरा मिरवणारी. आजी तिची नक्कल करत होती. गोऱ्या पाहुण्यासमोर दोनशे एकोणीस शब्दांच्या यादीत तो ळ मुकाट्याने म्हणून दाखवणारी आजी, त्याच टेपवर, चुलीपाशी, त्या ळ ची टर उडवत होती. श्रीपतीला हसू आलं. एकट्याला, बंद गाडीत, पार्किंगच्या छताखाली, असं हसू की त्याला स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं.

वॉरनने काचेवर टकटक केली तेव्हा तीन वाजून गेले होते. त्याने ड्रायव्हरचे ओले डोळे बघितले आणि काय झालं म्हणून विचारलं. श्रीपतीने काही न सांगता टेप मागे नेली आणि लावली. वॉरनने ऐकलं. त्याला बायकांचं हसणं तेवढं ऐकू आलं. तेव्हा श्रीपतीने आधी आजीचा नेहमीचा आवाज म्हणून दाखवला, वायू, मऊ, आणि मग मान ताठ करून, नाक वर करून, किल्ल्यांच्या बाईचा, "वाळू." त्याने पुन्हा टेप लावली. या वेळी वॉरनचा चेहरा आजी ळ वर पोचायच्या आधीच बदलू लागला. तो हसला, मग त्याने हात तोंडावर ठेवला, मग हात काढला.

"ती विनोदी होती," तो म्हणाला. "मला कोणी कधी सांगितलंच नाही."

मागच्या गाड्या निघू लागल्या होत्या, शिफ्ट सुटली होती. वॉरनने सीटबेल्ट लावला नाही. पुन्हा लाव, असं त्याने बोटानेच सांगितलं. श्रीपतीने लावली, आणि टेप चालू असतानाच वही मांडीवर घेऊन ते चार ळ, जसे होते तसे, लिहिले.